योगिता, तुझा रिपोर्ट मी चुकीचा वाचला

योगिता,

तुला नेलं त्या दिवसापासून गावात माझं कौतुक चाललंय. नणंद असावी तर निर्मलासारखी, असं बायका म्हणतात. सातव्या महिन्याची सवाष्ण गेली, ओटी भरूनच पाठवायला हवी, म्हणून आई तुझ्या उशाशी ताट घेऊन उभी होती, आणि एक बाई पुढे येईना. सगळ्या पदर नाकाला लावून भिंतीशी. शेवटी मी ताट घेतलं. ब्लाऊजपीस, नारळ, तांदूळ, हळकुंड तुझ्या पदरात घातलं, कुंकू लावलं. बाहेर वैशाख पेटलेला आणि तुझं कपाळ माठासारखं गार. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सगळं माहीत असून हात लावला पोरीनं. शिकलेली ना, मन मोठं."

सगळं माहीत असून. एवढं मात्र त्यांनी बरोबर ओळखलं. मला काय माहीत होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

पेपरात किशोरनं तुझा फोटो दिला. खाली 'शांत, मनमिळाऊ, सर्वांची लाडकी' असं छापून आलंय. तू शांत नव्हतीस. फटकळ होतीस, उत्तर तयार ठेवायचीस, आणि या घरात तू लाडकी कुणाचीच नव्हतीस. मला निदान इथं तरी खोटं लिहायचं नाही.

तू माझ्या धाकट्या भावाची, किशोरची बायको म्हणून शिरपूरकडच्या खेड्यातून नशिराबादला आलीस. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातून ओरडलीस, "अक्का, मीठ कथं शे?" आणि आम्ही सगळे हसलो. आमच्याकडे 'हाये' म्हणतात, तुमच्याकडे 'शे'. दोन्ही गावंढळच, पण आपलं गावंढळपण आपल्याला ऐकू येत नाही. मी तुला म्हणाले, जरा शुद्ध बोलत जा, उद्या पोरं तुझंच ऐकून बोलतील. तू तिखटाचा डबा बंद करत म्हणालीस, "तुनं शुद्ध तू लॅबमा बोल अक्का. आठे माले भाजी करनी शे." हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. मिटवायची मला घाईही नव्हती.

दुसरं भांडण तुझ्या बी.ए.चं. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं, तिसरं वर्ष बाहेरून देऊ का, असं तू विचारलंस. किशोर 'दे' म्हणत होता. मी म्हणाले, घर बघ आधी. कारण सांगते, आता लपवून काय करू? आमच्या सात पिढ्यांत कॉलेजचं तोंड पाहिलेली मी एकटी. बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, नंतर लॅबचा डिप्लोमा. आबांनी, आमच्या वडिलांनी, पदवीचा गाऊन घातलेला माझा फोटो देवघराच्या वरच्या खिळ्याला टांगला होता, म्हणजे देवापेक्षा वर. विजेचं बिल असो, बँकेचं पत्र असो, कुणाच्या आजारपणाचा कागद असो, आमच्या गल्लीत तो माझ्याकडेच यायचा. 'निर्मलानं वाचलं म्हंजे झालं,' असं आबा म्हणायचे. घरात दुसरी पदवी आली असती, तर माझ्या फोटोला जरा सरकावं लागलं असतं. एवढंच होतं ते.

तुझं पहिलं अडीच महिन्यांत गेलं. होतं असं, सगळेच म्हणाले. मीही म्हणाले. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा मीच मोठेपणानं पुढे झाले. दवाखान्यात कशाला रांग लावतेस, रक्त मी घेते, सगळ्या तपासण्या आमच्या लॅबमध्ये करून देते. आमच्या धंद्यात याला 'घरचं सॅम्पल' म्हणतात. घरचं सॅम्पल रजिस्टरला चढवायचं नाही, दुपारी सर जेवायला गेले की उरकायचं, निकाल चिठ्ठीवर लिहून न्यायचा. त्यावर डॉक्टरांची सही नसते, कारण त्यांच्या नजरेखालून ते जातच नाही. सगळ्याच लॅबवाल्यांनी कधी ना कधी केलेलं असतं. मी पुष्कळदा केलं होतं आणि कधी काही बिघडलं नव्हतं.

गरोदरपणात एक तपासणी सगळ्यांचीच करतात, व्हीडीआरएल म्हणतात तिला. गुप्तरोगाची. पांढऱ्या कार्डावरच्या गोलात रक्ताचं पाणी टाकायचं, त्यात काळं औषध मिसळायचं आणि कार्ड आठ मिनिटं फिरवायचं. रोग नसला तर काळं सारखं पसरून राहतं. असला तर कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात. तुझ्या गोलात कण जमले. बारीक होते, पण जमले होते. मी दुसरं कार्ड लावलं, पुन्हा जमले.

संध्याकाळी सासरी न जाता चिठ्ठी घेऊन आईकडे आले. ओट्यावर तू कळण्याच्या भाकरी थापत होतीस. "काय उनं अक्का?" तू विचारलंस. मी म्हणाले, "पॉझिटिव्ह." तू हसलीस. पिठाचा हात तसाच वर धरून म्हणालीस, "पॉझिटिव्ह म्हंजे चांगलंच ना? दिन रायनात तवय बी पॉझिटिव्हच उनं व्हतं."

मी तुला तिथं काहीच सांगितलं नाही. आत जाऊन आईला सांगितलं. तुझ्याआधी आईला. हे मी अनेकदा मनात फिरवून पाहिलंय आणि त्याला एकही कारण सापडत नाही, जे लिहायला लाज वाटणार नाही.

आई म्हणाली, "मले तं पह्यल्यापासूनच वाटे. होस्टेलात राह्यलेली पोरगी." दुसऱ्या दिवशी मी किशोरचं रक्त घेतलं. त्याचं कार्ड स्वच्छ निघालं. मग काय, प्रश्नच संपला. नवऱ्याला नाही आणि बायकोला आहे, म्हणजे माहेराहूनच आणला. शिरपूरच्या दोन वर्षांच्या होस्टेलमध्ये तू काय काय केलंस, याच्या गोष्टी आठ दिवसांत तयार झाल्या. त्या तयार करणाऱ्यांपैकी एकीनंही शिरपूर पाहिलेलं नव्हतं.

आणि मला येत होतं, योगिता. हे सगळ्यात वाईट. कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आम्हाला प्रश्न होता, ही तपासणी खोटी पॉझिटिव्ह कधी येते, कारणे लिहा. मी लिहिली होती. मलेरिया, कुष्ठरोग, खुद्द गरोदरपण आणि शरीराची राखण शरीरावरच उलटते ते आजार. पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. म्हणून पक्की करायला दुसरी तपासणी करतात, टीपीएचए नावाची, तीही लिहिली होती. ती मी केली नाही. माझ्याच भावाच्या बायकोची वेळ आली तेव्हा मला कारणं आठवली नाहीत, आणि खरं सांगते, आठवायची गरजही वाटली नाही. माझ्या मनात तू आधीच तशी होतीस. कार्डानं फक्त होकार दिला.

ते दुसरंही तिसऱ्या महिन्यात गेलं.

गावातल्या डॉक्टरांकडे किशोर चिठ्ठी घेऊन गेला. 'तुमच्या ताईच लॅबमध्ये आहेत म्हटल्यावर शंका कसली,' असं म्हणून त्यांनी तुला तीन आठवडे तीन इंजेक्शनं दिली. जाड सुई, कमरेत. तू भिंत धरून चालायचीस. नसलेल्या रोगाची इंजेक्शनं. त्यात आईनं तुझं ताट वेगळं केलं, पेला वेगळा, आंघोळीचा साबण वेगळा. "तिचं ताट येगळंच ठेवजो," असं तिनं मला माझ्या तोंडावर सांगितलं, आणि हा रोग ताटापेल्यातून पसरत नाही हे मला चांगलं माहीत होतं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकले होते ना मी. मी म्हणाले, "बरं."

त्याच उन्हाळ्यात माझी दुसरी खेप. बाळंतपणाला मी आईकडे आले. तुझं जाऊन तीन महिने झाले असतील. पहिले दहा दिवस माझ्या बाळाला तू तेल लावायचीस, पायांवर घेऊन न्हाऊ घालायचीस, माझे केस धुरी देऊन वाळवायचीस. तुझ्या हाताला बाळ रडत नसे. आई तेव्हा मामांकडे लग्नाला गेली होती. परत आली आणि पाहिलं. म्हणाली, "पोराले हात नको लावू देऊ तिले." तू मोरीपाशी उभी होतीस, टॉवेल खांद्यावर, दोन्ही हात पुढे केलेले. मी बाळ उचललं आणि आईकडे दिलं. तू हात खाली घेतलेस, टॉवेलची घडी घातलीस आणि म्हणालीस, "पानी गार व्हई जाई. लवकर न्हावा त्याले." मला त्या वेळी तू एक शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं.

तिसरं गेलं. चौथं पाच महिन्यांचं होऊन गेलं. मुलगी होती, हातपाय पूर्ण. त्यानंतर किशोरनं तुझ्याबरोबर दवाखान्यात येणं सोडलं. "तूच ने ताई, तुला कळतं," असं तो म्हणाला. मला कळतं, हे त्या घरातल्या लोकांनी किती वेळा म्हणावं.

धुळ्याच्या बाईंकडे मी तुला आषाढात नेलं. कमी बोलणाऱ्या डॉक्टर. तुझी फाईल उलटत होत्या. एका पानावर थांबल्या. "व्हीडीआरएल पॉझिटिव्ह? टीपीएचए कुठाय?" मी म्हणाले, केली नव्हती. "कोणत्या लॅबनं सोडलं असं?" त्यांनी विचारलं. तू माझ्याकडे पाहिलंस. "नातेवाईकनी करेल व्हती," तू म्हणालीस. माझं नाव घेतलं नाहीस.

बाईंनी दोन्ही तपासण्या पुन्हा पाठवल्या, बरोबर आणखी तीन. आठवड्यानं गेलो. व्हीडीआरएल तशीच, कण जमलेले. टीपीएचए निगेटिव्ह. आणि ती एकदा खरी पॉझिटिव्ह असली की सहसा जन्मभर तशीच राहते, कितीही इंजेक्शनं घ्या. म्हणजे तुला तो रोग कधीच नव्हता. बाकीच्या तपासण्यांनी सांगितलं ते असं: आपल्या अंगात राखणीला प्रतिपिंडं असतात, बाहेरून आलेल्याशी लढायला. तुझ्यातली काही प्रतिपिंडं तुझ्याच रक्तातल्या गोष्टींवर उलटली होती. त्यानं रक्त घट्ट होतं, वारेत बारीक गुठळ्या होतात, आणि बाळाला रक्त पोहोचत नाही. व्हीडीआरएलच्या औषधात जी चरबी असते, तिलाही हीच प्रतिपिंडं जाऊन चिकटतात. म्हणून माझ्या कार्डावर कण जमले होते. तुझी बाळं का जातात, हे त्या कार्डानं तिसऱ्या-चौथ्याच्या आधी मला सांगितलं होतं. मी त्यात तुझी चालचलणूक वाचली.

तू बाईंना विचारलंस, "म्हंजे राखणना कुत्रा घरनालेच चावस, आसं ना?" त्या हसल्या. म्हणाल्या, अगदी तसंच, आणि बारा आठवड्यांनी पुन्हा तपासू. तोवर छोटी गोळी चालू, आणि दिवस राहिले की रोज पोटात इंजेक्शन. मूल होऊ शकतं.

परतीची एसटी पारोळ्याला थांबली. मग खिडकीबाहेर पाहत म्हणालीस, "अक्का, घरमा सांगशी ना? मी सांगसू तर कोनी मानाव नही. कागद तू वाचेल शे. तूच सांग."

"सांगेन," मी म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात किशोरचा फोन आला. "ताई, योगिता म्हणते तो रोग तिला नव्हताच. खरं का? तू म्हणशील ते." लॅबमध्ये उभी होते, हातात कुणाची तरी ट्यूब होती. एक वाक्य पुरलं असतं. नव्हताच, माझी चूक झाली. त्या वाक्यापाठोपाठ दुसरं यायला हवं होतं, की माझ्या एका चिठ्ठीमुळे तुझ्या बायकोचं ताट वेगळं झालं. आणि मग देवघरावरचा तो फोटो.

मी म्हणाले, "आता निगेटिव्ह आलंय ना. काळजी करू नकोस."

त्याला वाटलं इंजेक्शनं लागू पडली. त्याला तसंच वाटावं, हेच मला हवं होतं. मी खोटं बोलले नाही, असं मी महिनाभर स्वतःला समजावत होते. 'आलंय' म्हणाले, 'आता' म्हणाले, त्यात खोटं काय?

नंतर भेटलो तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "अक्का, मना रोग बरा व्हयना म्हने. पेढा वाट." एवढंच. बरा झाला म्हणे. लॅबमध्ये उभं राहून मी किशोरला जे म्हणाले, ते तुला पोहोचलं होतं. त्यानंतर तू मला कधी टोचून बोलली नाहीस. आधीचं तुझं बोलणं मला बरं वाटायचं, योगिता. ते गेल्यावर कळलं.

कार्तिकात दिवस राहिले. बाईंनी इंजेक्शनं सुरू केली. मी पहिल्या दिवशी शिकवलं, बेंबीपासून चार बोटं सोडून कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ. दुसऱ्या दिवसापासून तू माझा हात लागू दिला नाहीस, स्वतःच घ्यायचीस. पोटावर सगळीकडे निळे-हिरवे डाग. आई म्हणाली, पोटात रोज सुया टोचून पोर जगतं का कुठं? तू तिला म्हणालीस, "मामी, चार तर सुयाबिगर गयात ना." किशोर हसला, खूप दिवसांनी. आईनंही तोंड फिरवून हसू गिळलं. ती घरातली एक बरी सकाळ मला आठवते. तीच एक.

पाचवा गेला, सहावा गेला. इतकं लांब कुठलंच आलं नव्हतं. सातवा लागला तेव्हा तू मला शेजारी बसवून घेतलंस. आई ओटी भरायचं नाव काढत नव्हती, आणि गल्लीतल्या बायका बोलावल्या तरी येणार नव्हत्या, हे तुला माहीत होतं. रोग 'बरा झालेल्या' बाईची ओटी कोण भरतं?

"अक्का, माले सोनंनाणं नको. ओटी भरानी शे. त्या दिन बाया येतीन तवय सांगी टाक. एक डाव."

मी म्हणाले, "बाळंतपण होऊ दे गं. पोर हातात आलं की आपोआप तोंडं बंद होतात सगळ्यांची." हे मी इतकं शहाणपणानं म्हणाले की मलाच पटलं. "बरं," म्हणालीस. तुझ्या 'बरं'चा अर्थ मला माहीत होता, कारण तो माझाच शब्द होता. ताट वेगळं केलं तेव्हाचा.

मग ती सकाळ. किशोर म्हणाला, अंगणात झाडता झाडता तू खाली बसलीस, दम लागला म्हणालीस, छातीत दुखतंय म्हणालीस. गाडी मिळाली, जळगाव गाठेपर्यंत सगळं झालं होतं. फुप्फुसात गुठळी. इंजेक्शनं चालू असूनही कधी कधी होतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि मी ते मानते. बाळ पोटातच राहिलं. मुलगा होता, त्यांनी सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.

तुझ्या मरणाचा दोष माझ्यावर येत नाही. हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलंय, प्रामाणिकपणे. तुझ्या जगण्याचा येतो.

त्या दिवशी ओट्यावर बायका भिंतीशी थांबल्या, तेव्हाही मी बोलू शकले असते. ताट उचललं, तोंड उघडलं नाही. आणि त्याचंच कौतुक झालं. मोठ्या मनाची नणंद. ते ऐकलं आणि क्षणभर, योगिता, मला ते आवडलं.

म्हणून गंधमुक्तीच्या दिवशी मी उभी राहिले. मांडवात पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, सुतक फिटून सगळ्यांच्या कपाळाला गंध लावून झालेलं. पंगत बसायची होती. तुझ्या माहेरची माणसं आली होती, तुझी माय पुढेच होती. मी फाईल उघडली आणि वाचलं. टीपीएचए निगेटिव्ह. मग साध्या शब्दांत सांगितलं. योगिताला कुठलाही गुप्तरोग नव्हता, कधीच नव्हता. तिची प्रतिकारशक्ती तिच्यावरच उलटली होती, त्यानं बाळं जात होती. पहिली तपासणी मी केली, अर्धी केली, चुकीची वाचली. तिच्या नावावर जे काही बोललं गेलं ते माझ्यामुळे.

मला वाटलं, आता कुणीतरी मला काहीतरी म्हणेल.

गल्लीतले नाना उठले. डोळे पुसत म्हणाले, "पाहा, मेल्यावरही भावजयीचं नाव राखते. स्वतःवर घेते. याला शिक्षण म्हणतात." माणसांनी माना डोलावल्या. आईनं मला हाताला धरून बसवलं आणि कानात म्हणाली, "कायले पण एवढं? मेलेल्याचं चांगलंच बोलतात, लोकांले समजते ते." मी म्हणाले, "आई, खरं आहे ते." ती म्हणाली, "हो व बई. आन् प्रतिकारशक्ती जास्त असल्यानं कोनी मरते का? तुले तरी पटते का?"

कुणालाच पटलं नाही. वेळेवर सांगितलं असतं तर तो तपासणीचा निकाल ठरला असता, उशिरा सांगितलं तर माया झाली.

पटलं फक्त एकीला, ती तुझी माय. ती पंगतीच्या बाजूनं चालत माझ्याजवळ आली आणि खाली बसली. तिला कागद नको होता. तिनं एकच विचारलं.

"कवय मालूम पडनं तुले?"

"आषाढात," मी म्हणाले. "आषाढातच पक्कं कळलं."

तिनं डाव्या हाताची बोटं उघडली आणि उजव्या अंगठ्यानं एकेक पेर दाबत गेली. "कानबाई... पोया... दसरा... दिवाई... सकरात... होई..." आषाढानंतरच्या एकेका सणापाशी थोडं थांबत. मग शेवटच्या पेरावर, लेकींच्या माहेरपणाच्या अक्षय्य तृतीयेवर, अंगठा ठेवला आणि काढलाच नाही.

"आखाजी. आखाजीले ती मनाजोडे व्हती. बठ्ठ्या पोरी झोकावर गाना म्हनेत. ती घरमा बशी राहे. मी म्हनं, जाय ना माय, वरीसनी आखाजी शे, बस तरी त्यासनाजोडे. ती म्हने, आते नही. अक्का सांगी, तवय जासू." तिनं माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "तवय तुले मालूम व्हतं ना?"

"हो," मी म्हणाले.

ती उठली. तुझ्या भावाला हाक मारली, गाडी काढ म्हणाली. पानं वाढून झाली होती, वरण-बट्टीची वाफ निघत होती. तुझ्या माहेरची सगळी माणसं कपाळाला गंध लावलेली तशीच उठली आणि एकही घास न घेता मांडवाबाहेर गेली. आई घाबरली. मला ढकलत म्हणाली, "जाय, थांबव त्यांले. न जेवता गेले तं गावभर बोंब होईन." मी उठले नाही. त्यांनी इथं जेवू नये, हे मला पटत होतं.